गंधकभक्षी जंतू आणि चोपण जमीन

लिंबाच्या रसाचा सामू सुमारे 2 असतो. एवढ्या आम्लतेत जमिनीतील बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. परंतु गंधकावर जगणाऱ्या जंतूंची एक जात अशी आहे की, तिला हीच आम्लता मानवते व सामू 1 च्या खाली उतरला तरी ती तग धरते. गंधकाचे साठे, खाणींतील आम्ल पाणी आणि सांडपाण्याच्या गटारांचे छत ही तिची वसतिस्थाने होत.

या जंतूचा शोध मात्र शेतीच्या कामातूनच लागला. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कृषि प्रयोगकेंद्रात माती, गंधक व खनिज फॉस्फेट यांच्या मिश्रणातून वाक्समन व जॉफी यांनी तो वेगळा केला आणि 1922 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. (1952 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे वाक्समन ते हेच.) 'थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स' हे त्याचे मूळ नाव 2000 मध्ये बदलून 'अ‍ॅसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स' असे करण्यात आले.

हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने हा जंतू 32 किलो गंधकापासून 98 किलो गंधकाम्ल तयार करतो. चोपण जमिनीत चुनखडी असल्यास तिच्याशी या आम्लाचा संयोग होऊन जिप्सम बनते आणि त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. अशा जमिनीत आरंभीचे काम याचे भाऊबंद जंतू करतात. गंधककणांभोवती आम्लता वाढली म्हणजे हा पुढे सरसावतो.

तेव्हा गंधक पसरून आठ दिवसांत फरक न दिसल्यास ते निकामी ठरविणे, हा जंतूंवर अन्याय होय. त्यांना काही आठवडे अवधी हवा. तसेच ऊब, ओलावा व हवाही हवी. म्हणून गंधकाची बारीक भुकटी वरच्या थरात चांगली मिसळावी व जमीन वाफशावर ठेवावी. पाणी साचले की हवा तुटते व काम थांबते.

पैसे खर्च करण्यापूर्वी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहावेत. माती फसफसली नाही तर तीत चुनखडी नाही, असे समजून गंधकाऐवजी जिप्समच वापरावे. गंधकाची मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. पुढे सुटा झालेला सोडियम गोड्या पाण्याने धुऊन चरांवाटे शेताबाहेर काढावा लागतो. चर नसतील तर ते गंधक टाकण्यापूर्वीच खोदून घ्यावेत.