पेपालमधील डॉलर आपल्या बँकेत कसे आणावेत



दिमोनात आमच्या परिचयाच्या एक बाई आहेत. शब्बाथच्या पावावर झाकायचे रुमाल त्या फार सुंदर भरतात. अमेरिकेतील गिऱ्हाइकांनी पेपालवर पैसे पाठविले आणि होता होता दोनशे डॉलर जमले. पेसाह तोंडावर आला तेव्हा बाई बँकेत गेल्या व म्हणाल्या, "माझे पैसे द्या." बँकेने सांगितले, "आमच्याकडे आलेच नाहीत." दोघेही खरेच बोलत होते. पेपालचे खाते ही निराळी थैली आहे. तिच्यातील रक्कम आपण स्वतः बँकेकडे धाडीपर्यंत तेथेच पडून राहते. (बँक हापोअलीमने 2017 साली सुरू केलेल्या 'बिट'ची तऱ्हा वेगळी. तेथे आलेले पैसे आपल्या जोडलेल्या बँक खात्यात जातात.)

पैसे काढण्यासाठी पेपालला आपले बँक खाते जोडावे लागते. दोन्हीकडे नाव एकच हवे. बाईंचे घोडे नेमके येथेच अडले. नातवाने खाते उघडताना आडनावातील शेवटचा 'कर' गाळला होता. बँकेत तो होता. आपल्या समाजात हे घरोघरी आहे. मुंबईच्या कागदांवर एक नाव, येथील ओळखपत्रावर दुसरे, आणि रोमन लिपीत तर प्रत्येक कारकुनाचे स्पेलिंग निराळे! ओळखपत्र दाखवून पेपालकडील नाव दुरुस्त करून घ्यावे लागले. तोवर पेसाह उलटून गेला. सणाचा खर्च मुलीने भागविला.

म्हणून खाते जोडण्यापूर्वीच बँकेत जाऊन 'इशूर निहूल हेश्बोन' मागावा, म्हणजे खाते आपले असल्याचा दाखला. त्यावरील रोमन लिपीतील नाव अक्षर अन् अक्षर जुळवून पाहावे. आयबानही त्यावरूनच उतरवावा.

आयबान लांबलचक दिसला तरी त्याची फोड सोपी आहे. इस्राएलचा आयबान 23 जागांचा असतो. प्रथम 'आयएल' ही अक्षरे, मग तपासणीचे दोन अंक, तीन अंक बँकेचे (लेउमीचे 010, हापोअलीमचे 012), तीन शाखेचे आणि शेवटी तेरा अंक खात्याचे. खाते क्रमांक लहान असेल तर त्याच्या आधी शून्ये भरतात. ती गाळू नयेत. तपासणीचे अंक 97 च्या भागाकारावर बसविलेले असतात. पहिल्या चार जागा शेवटी न्याव्यात, 'आय'ऐवजी 18 व 'एल'ऐवजी 21 लिहावे आणि सर्व संख्येला 97 ने भागावे. बाकी 1 उरलीच पाहिजे. एखादा अंक चुकला तर बाकी बदलते. मात्र दुसऱ्या कोणाचा बरोबर आयबान लिहिला तर ही परीक्षा मुकाट्याने पास होते! (भारतात आयबान नाही, तेथे अकरा जागांचा आयएफएससी लागतो. ठाण्याच्या भावाकडे आयबान मागून त्याला कोड्यात टाकू नये.)

आता दराकडे वळू. पेपाल डॉलरचे शेकेल करते ते स्वतःच्या दराने, आणि तो बाजारभावाहून काही टक्के कमी असतो. हिशोबापुरते समजा, बाजारात डॉलरला 3.50 शेकेल आहेत व पेपालने 3 टक्के कापले. मग दोनशे डॉलरचे 700 ऐवजी 679 हाती येतील. कबूल करण्यापूर्वी पडद्यावर दर दाखवितात, तो वाचावा.

पैसे पोचायला कामाचे काही दिवस लागतात. आपला शब्बाथ आणि तिकडचा रविवार हे दोन्ही मध्ये येतात, तेव्हा सणाच्या आदल्या आठवड्यावर विसंबू नये. फोनवर आलेला गुप्त अंक विचारणारा कोणीही पेपालचा किंवा बँकेचा माणूस नव्हे. फोन ठेवून द्यावा.

खरेदीसाठी उलट दिशेने ही थैली आधी भरून ठेवण्याची गरज नाही. पेपाल जोडलेल्या कार्डावरूनच रक्कम घेते.