वेगवान चकती

शिकलगाराचे चाक ज्याने पाहिले आहे, त्याला ठिणग्यांचा फुलोरा परिचित असतो. पायाच्या जोराने चाक फिरू लागते, सुरीचे पाते त्यावर टेकते आणि लोखंडाचे तापलेले कण उडू लागतात. घरगुती कार्यशाळेत आढळणारे अँगल ग्राइंडर हे याच चाकाचे धाकटे, पण फार चपळ भावंड होय. जर्मनीतील ॲकरमन आणि श्मिट या कारखान्याने १९५४ साली असे वेगवान हातयंत्र तयार केले. लोखंडी गज कापणे, वेल्डिंगचे उंचवटे घासणे, फरशी कापणे अशी कामे या यंत्राने होतात.

या यंत्राचे सारे सामर्थ्य त्याच्या वेगात आहे. १०० मिलिमीटर व्यासाची चकती बहुधा मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. परिघाच्या लांबीला फेऱ्यांच्या संख्येने गुणले, तर चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावते, असे दिसून येईल. ही चकती मात्र पोलादाची नसते. कृत्रिम कुरुंदाचे कण राळेत बसवून आणि आत काचतंतूंची जाळी घालून ती घडवलेली असते. बोथट झालेले कण गळून पडतात व खालचे तीक्ष्ण कण वर येतात. म्हणूनच ती कापते. झिजणे हा तिचा गुणच होय. तथापि तडा गेलेली, ओल लागलेली किंवा मुदत उलटलेली चकती फुटून तिचे तुकडे चहूकडे उडण्याचे भय असते.

हे जाणूनच निष्णात कारागीर कामापूर्वी सावध होतो. चकतीवर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे तो वाचून पाहतो. चकती बदलताना केवळ बटण बंद करून तो थांबत नाही. प्लगही काढून ठेवतो. चकतीवरील गार्ड तो कधीही काढत नाही. बाह्या सैल सोडत नाही. रॉकेल, भुसा, चिंध्या अशा पेट घेणाऱ्या वस्तू तो दूर सारतो.

गज दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापला, तर तो वाकतो, चीर मिटते आणि चकती तीत आवळली जाते. त्या क्षणी यंत्र उसळी घेते. म्हणून वस्तू शेगड्यात घट्ट धरावी, सुटणारे टोक मोकळे ठेवावे, यंत्र दोन्ही हातांनी धरावे आणि चकतीच्या रेषेपासून बाजूला उभे राहावे. बटण बंद केल्यावरही चकती काही क्षण फिरतच असते. ती पुरती थांबल्याखेरीज यंत्र खाली ठेवू नये.

सर्वांत अधिक जपावयाचे ते डोळे. त्यांना नेहमीचा चष्मा पुरत नाही. सर्व बाजूंनी बंद असणारा चष्मा आणि त्यावर मुखावरण हवे. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण काही तासांतच गंजू लागतो. अशा वेळी डोळा न चोळता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. फरशीची धूळ फुप्फुसांना घातक असते, यासाठी नाकातोंडावर योग्य मास्क आवश्यक आहे.

लोखंड कोणते आणि बोट कोणते, हे यंत्राला कळत नाही. ते माणसानेच ओळखावयाचे असते. मुलांनी हे यंत्र हाती घेऊ नये आणि ते चालू असताना जवळही उभे राहू नये. तरीही एक मोलाचे काम त्यांना करता येते. घरातील वडील माणूस घाईघाईने यंत्र उचलताना दिसला, तर बटण दाबण्यापूर्वीच त्यांनी विचारावे, “बाबा, चष्मा लावलात का?” एवढ्या एका प्रश्नाने कोणाची तरी दृष्टी वाचू शकते.