काळी वायर म्हणजे न्यूट्रलच का?

प्रश्न : शेतात यंदा सौरपंप बसला. पॅनेलकडून पेटीत येणाऱ्या वायरी लाल आणि काळ्या आहेत, पेटीतून विहिरीकडे जाणारी केबल लाल-पिवळी-निळी. गावातला वायरमन म्हणतो, काळी म्हणजे न्यूट्रल, तिला हात लागला तरी काही होत नाही. हे खरं का? रंगांचा काही नियम असतो का?
— एक शेतकरी, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : खरं नाही. सोलरच्या काळ्या वायरीला चुकूनही हात लावू नका.

तुमचा वायरमन घरच्या लाईनीच्या हिशेबानं बोलतोय. महावितरणच्या एसी पुरवठ्यात तीन फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं किंवा हिरवं-पिवळं. तिथली काळी वायर ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीशी जोडलेली असते, म्हणून टेस्टर सहसा पेटत नाही आणि लोक तिला निर्धास्तपणे हाताळतात. खरं तर तीही हाताळू नयेच. पॅनेलकडून येते ती डीसी वीज. तिच्यात फेज-न्यूट्रल नसतं, प्लस आणि मायनस असतं, आणि काळी वायर ही मायनस. ती बहुतेक ठिकाणी जमिनीशी जोडलेलीच नसते. आजच्या मोठ्या पॅनेलचा उघडा दाब 50 व्होल्टच्या आसपास असतो. अशी दहा पॅनेल एकामागे एक जोडली की लाल आणि काळीमध्ये जवळजवळ 500 व्होल्ट उभे राहतात. उंदरानं कुठं लाल वायर कुरतडली आणि ती लोखंडी सांगाड्याला टेकली, तर ओल्या जमिनीवर उभं राहून काळी धरणारा माणूस तेवढा दाब अंगावर घेतो. नेहमीच्या टेस्टरवरही इथं भरवसा ठेवू नका. 1000 व्होल्ट डीसी मोजणारा मल्टिमीटर लागतो.

आता नियमाचं. भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत, 2011 च्या आवृत्तीत, रंगांचा तक्ता आहे. त्यात डीसीसाठी प्लस लाल, मायनस निळा आणि मधली तार काळी असं दिलंय. बाजारात मात्र सोलरची केबल सर्रास लाल-काळीच मिळते आणि बसवणारे तीच टाकतात. आंतरराष्ट्रीय मानकानं 2017 मध्ये मायनसला पांढरा रंग दिला, आणि अमेरिकेत पांढरा म्हणजे न्यूट्रल! हा गोंधळ एकट्या पलूसचा नाही.

तुमच्या पेटीत निळ्या रंगाकडे नीट बघा. मोटरीच्या चपट्या केबलमध्ये निळी ही तिसरी फेज आहे. घरातल्या इस्त्रीच्या दोरीत निळी ही न्यूट्रल असते, तिथं फेज तपकिरी. आणि संहितेच्या तक्त्यात निळी ही डीसीची मायनस. म्हणून रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा पेटीतल्या टर्मिनलवरची अक्षरं वाचावीत. एका बाजूला पीव्ही प्लस, पीव्ही मायनस. दुसऱ्या बाजूला यू, व्ही, डब्ल्यू. यू-व्ही-डब्ल्यूमधल्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते आणि पाणी कमी येतं, एवढंच. प्लस-मायनस उलटे लागले तर कंट्रोलर जळू शकतो. यातलं काहीही करण्याआधी डीसीचा स्विच बंद करून थांबावं लागतं. पेटीतले कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं जातात. किती, ते झाकणावर छापलेलं असतं.

आणि तुम्ही कृष्णाकाठचे आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी चढू लागलं तसा महावितरणनं पुरवठा बंद केला आणि लोकांना वाटलं, आता वायरींत जीव नाही. पॅनेलला हे लागू पडत नाही. ऊन आहे तोवर ते वीज करतं, ढगाळ दिवसातही करतं. डीसी स्विच बंद केला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या वायरी जिवंतच राहतात. पाणी यायच्या आधी स्विच बंद करा, आणि पाण्यात बुडालेल्या पॅनेलच्या सांगाड्याजवळ घरातल्या कुणालाही, गुरांनाही जाऊ देऊ नका. पूर ओसरल्यावर तपासणी झाल्याशिवाय पंप सुरू करू नका.

प्रश्न : आमच्या छतावर बसवणाऱ्यांनी दोन्ही वायरी काळ्याच टाकल्या. चूक आहे का?
— एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : तुमच्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं, तेव्हा हा प्रश्न आता पाटणच्या बऱ्याच छतांवर येणार.

केबल काळी असणं ही चूक नाही. काळं वेष्टण उन्हात जास्त टिकतं. चूक होते ती टोकांना खूण नसली की. दोन्ही टोकांना प्लसवर लाल टेप किंवा प्लस-मायनसचे ठसे हवेत, छतावरही आणि खालच्या पेटीतही. कनेक्टरच्या नर-मादीवरून प्लस ओळखायला जाऊ नका. मध्ये जोडतुकडा आला की ती खूण फसवते.

रंगापेक्षा केबलवरचा छापा तपासा. त्यावर आयएस 17293 हा सोलर केबलचा भारतीय मानक क्रमांक आणि 1500 व्होल्ट डीसी असं हवं. काही ठिकाणी पैसे वाचवायला घरगुती पीव्हीसी वायर छतावर टाकतात. तिचा लाल रंग उन्हानं विटतो, मग वेष्टण तडकतं, आणि पाटणच्या पावसात त्या तडांमधून पाणी आत जातं.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम तसं सांगतात. त्याला बोलावून खुणा करून घ्या आणि जोडणीचं रेखाचित्र मागून पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दहा वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस वेगळाच असेल, आणि त्याला तुमच्या दोन काळ्या वायरींमधली प्लस कुठली ते याच कागदावरून कळेल.