धावदोरा

काही वस्तू इतक्या परिचयाच्या असतात की, रोज डोळ्यांसमोर असूनही त्या आपल्याला दिसत नाहीत. घरातील गोधडी ही अशीच एक वस्तू आहे. रात्री ती अंगावर ओढावी आणि सकाळी घडी करून बाजूला ठेवावी, एवढाच काय तो तिचा आणि आपला संबंध! पण एखादी जुनी गोधडी उजेडात धरून नीट न्याहाळावी. मुंग्यांची रांग चालावी तसे हजारो बारीक टाके तिच्यावर एकामागून एक चाललेले दिसतात. सुई कापडात खाली जाते, थोड्या अंतरावर वर येते आणि पुन्हा खाली जाते. शिवणकामातील हा सर्वांत सोपा टाका. याला 'धावदोरा' असे म्हणतात.

हाच धावदोरा दूर जपानात एका सुंदर कशिद्याचा पाया झाला आहे. त्या कशिद्याचे नाव 'साशिको'. साशिको म्हणजे लहान लहान टोचे. गर्द निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने घातलेले हे टाके पाहिले, म्हणजे काळोख्या रात्री चांदणे फुलल्याचा भास होतो. ही कला नव्याने शिकणाऱ्याला वाटते की, आपण काहीतरी अगदी परके, अवघड असे शिकत आहोत. परंतु ज्याच्या घरी गोधडी आहे त्याला साशिको पूर्णपणे परकी नाही. या दोघींचे नाते समजून घेण्यासारखे आहे.

ठाणे आणि कल्याण या गावांचा कापडाशी फार जुना संबंध आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने कल्याण बंदराचे वर्णन लिहिले. तेथून परदेशी जाणाऱ्या मालात त्याने कापडाचा उल्लेख केला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याच्या सुती कापडाची नोंद केली. कान्हेरीची बौद्ध लेणी ठाण्यापासून फार दूर नाहीत. तेथील शिलालेखांत कल्याणच्या अनेक दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि भिक्षूंना चीवर, म्हणजे वस्त्र, देता यावे म्हणून ठेवलेल्या दानाचाही तेथे उल्लेख आढळतो.

हे चीवर अखंड कापडाचे नसे. भिक्षूने मौल्यवान वस्त्राचा लोभ धरू नये, म्हणून ते तुकडे जोडून शिवण्याची रीत होती. मगध देशातील भाताची शेते आणि त्यांमधील बांध पाहून गौतम बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला तशाच आकृतीचे चीवर तयार करण्यास सांगितले, अशी कथा बौद्ध ग्रंथांत आहे. मुरबाड-शहापूरकडील भातखाचरे ज्याने पावसाळ्यात पाहिली असतील, त्याच्या डोळ्यांपुढे ती आकृती सहज उभी राहील. पुढे सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानात पोहोचला आणि त्याबरोबर हे तुकड्यांचे वस्त्रही तेथे गेले. जपानी भाषेत त्याला 'केसा' म्हणतात. हा शब्द आपल्या 'काषाय' या संस्कृत शब्दावरूनच आलेला आहे. जपानच्या नारा या प्राचीन राजधानीत शोसोइन नावाचे एक भांडार आहे. आठव्या शतकातील सम्राट शोमू याची अशी वस्त्रे तेथे आजतागायत जपून ठेवलेली आहेत. राजाने तुकड्यांचे वस्त्र अंगावर घ्यावे, याहून त्या वस्त्राचा मोठा गौरव कोणता?

सामान्य जनांच्या घरी मात्र तुकडे जोडले जात ते वैराग्यामुळे नव्हे, तर गरजेमुळे. कोकणातून आणि देशावरून पोटासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आलेल्या कुटुंबांच्या सामानात ट्रंकेबरोबर गोधडीची वळकटी असे. देशावर तिला वाकळ असेही म्हणतात. आई-आजीचे लुगडे विरले म्हणजे ते टाकून देत नसत. त्याचे मजबूत भाग वरच्या व खालच्या पदरासाठी निवडत आणि फाटके तुकडे मध्ये पसरत. अंगणात हे सर्व थर अंथरून, ते सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालत. मग शेजारणी चार बाजूंना बसत आणि काठाकडून आत धावदोरा घालू लागत. हात चालत असत आणि गप्पाही चालत असत. थराथरांतून दोरा गेला की, विरलेले कापड एकमेकांच्या आधाराने घट्ट होई. एकटी चिंधी वाऱ्याने उडून जाते. पण शंभर चिंध्या एका दोऱ्यात बांधल्या म्हणजे थंडीची रात्र निभावून नेतात.

जपानच्या उत्तर भागातील कहाणी याहून कठोर आहे. तेथील त्सुगारू प्रांतात हिवाळ्यात माणूसभर उंचीचे बर्फ साचते. त्या थंडीत कापूस पिकत नाही. शेतकऱ्यांजवळ वाखाचे जाडेभरडे कापड असे. त्याची वीण विरळ असल्यामुळे वारा थेट अंगाला लागे. त्यात 1724 मध्ये तेथील सरंजामदाराने काटकसरीचा एक कायदा केला आणि शेतकऱ्यांना सुती कपडे वापरण्यास बंदी घातली. बाहेर बर्फ पडत असावे आणि उबदार कापड वापरणे हा गुन्हा ठरावा, अशी ती वेळ होती!

त्या प्रांतातील स्त्रियांनी या संकटातून वाट काढली. त्यांनी निळीत रंगवलेल्या वाखाच्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याने ओळीमागून ओळ टाके घालण्यास आरंभ केला. विणीतील भोके बुजली, कापड जाड झाले, खांद्यावर ओझे वाहूनही ते झिजेनासे झाले आणि त्याला ऊब आली. सुती कापड वापरण्याची मनाई होती. सुती दोरा मात्र त्यांनी टाक्याटाक्याने अंगरख्यात आणला. टाके मोजून घातल्यामुळे त्यांतून शंकरपाळ्यासारख्या आकृती उमटू लागल्या. या कामाला 'कोगिन' म्हणतात. आकृत्यांना स्त्रियांनी नावेही आपल्या अवतीभोवतीचीच दिली: एक 'वालाचा दाणा', तर दुसरी 'मांजराचा डोळा'! अशा रीतीने गरजेतून ऊब आणि उबेतून सौंदर्य निर्माण झाले.

साशिकोचा उपयोग केवळ शेतकऱ्यांपुरता नव्हता. आज ज्या शहराला टोकियो म्हणतात, त्याचे पूर्वीचे नाव एदो. तेथील घरे लाकडाची असत आणि आगी वारंवार लागत. आग विझवणारे लोक साशिकोने शिवलेले अनेक पदरी जाड अंगरखे पाण्यात भिजवून अंगात घालत. ते पाणी धरून ठेवत आणि ज्वाळांपासून रक्षण करत. एकच टाका, परंतु एका जागी तो थंडी अडवतो, तर दुसऱ्या जागी आग!

आता नवशिक्याने ही कला शिकावी कशी? सामान अगदी थोडे लागते. निळे सुती कापड, सैल पिळाचा जाडसर सुती दोरा, लांब व बळकट सुई, आणि अंगुस्तान. आपल्याकडील अंगुस्तान बोटाच्या टोकावर बसते. साशिकोचे मात्र मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठीसारखे बसते आणि त्याची चकती तळहाताकडे असते. सुईचे नेढे त्या चकतीवर टेकते व तळहाताच्या जोराने सुई पुढे सरकते. कापडावर प्रथम पट्टीने चौकटी आखून घ्याव्या लागतात.

शिकणाऱ्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. तो एक टाका घालतो, दोरा ओढतो. पुन्हा एक टाका घालतो, पुन्हा ओढतो. साशिकोत असे करत नाहीत. उजव्या हातातील सुई जवळजवळ स्थिर ठेवायची आणि डाव्या हाताने कापड खाली-वर करून तिच्यावर चढवत जायचे. सुईवर चार-पाच टाके साठले म्हणजे दोरा एकदम ओढायचा. मग कापड अंगठ्याने शिवणीच्या दिशेने हलकेच सारखे करायचे, म्हणजे आलेल्या सुरकुत्या निघून जातात. ही शेवटची क्रिया आळसाने टाळली की, कापड चुरगळते आणि सारे श्रम व्यर्थ होतात.

यानंतर काही नियम पाळावे लागतात. सर्व टाके सारख्या लांबीचे असावेत. वर दिसणारा टाका खालच्या टाक्यापेक्षा किंचित मोठा ठेवावा. साधारणपणे वर तीन भाग तर खाली दोन भाग, असे प्रमाण सांगतात. कोपऱ्यावर सुई वळवताना पाठीमागे दोरा थोडा सैल सोडावा, नाहीतर कापड आखडते. जेथे अनेक रेषा एकत्र येतात, तेथे टाक्यांची गर्दी करू नये. मध्ये थोडी जागा मोकळी ठेवावी. त्या मोकळ्या जागेमुळेच आकृती उठून दिसते. पुष्कळ ठिकाणी आरंभी व शेवटी गाठ मारत नाहीत. दोन-तीन टाके पूर्वीच्याच टाक्यांवर घेऊन दोरा पक्का करतात.

प्रथम सरळ रेषा, मग चौकोन, नंतर एकमेकींवर चढणाऱ्या लाटा, असा हा अभ्यास पुढे जातो. सहा टोकांच्या ताऱ्यासारखी 'आसानोहा' ही आकृती जपानात फार लोकप्रिय आहे. आसानोहा म्हणजे ज्या झाडाचा वाख काढतात त्याचे पान. ते झाड सरळ आणि झपाट्याने वाढते. म्हणून आपले मूलही तसेच वाढावे, या इच्छेने माता तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर ही आकृती काढत. कोगिन शिकताना मात्र कापडावर काहीच आखत नाहीत. कापडाचे धागे एक, तीन, पाच, सात असे मोजून टाके घ्यावे लागतात. एक धागा मोजण्यात चुकला, तर ती चूक पुढच्या प्रत्येक ओळीत डोके वर काढते. तेथे एकच उपाय असतो: चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचे आणि पुन्हा आरंभ करायचा.

धागे मोजण्याची ही विद्या आपल्याकडेही आहे. बेळगाव-धारवाडकडील स्त्रिया इरकली लुगड्यांवर 'कसुती' नावाचा कशिदा काढतात. त्यातही कापडावर काही न आखता धागे मोजून टाके घालतात आणि गाठ मारत नाहीत. त्यातील 'नेगी' नावाचा टाका हा धावदोऱ्याचाच प्रकार असून, तो जणू कापडातच विणल्यासारखा दिसतो. कसुती काढणारीने कोगिन पाहिले नसेल आणि कोगिन काढणारीने कसुती पाहिली नसेल. तरीही सुई, दोरा आणि सावधपणे मोजणारी नजर यांनी दोघींना एकाच वाटेवर आणून सोडले.

काळ पुढे सरकला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रुळ कल्याणपर्यंत पोहोचले. जपानातही 1891 मध्ये टोकियोपासून उत्तरेच्या आओमोरीपर्यंत लोहमार्ग पुरा झाला. आगगाडीबरोबर स्वस्त सुती कापड त्या थंड प्रांतात सर्वांना मिळू लागले. ही आनंदाचीच गोष्ट होती. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला आधी उबदार कापड मिळाले पाहिजे; कलेसाठी त्याने कुडकुडत राहावे, असे कोणी म्हणू नये. परंतु गरज संपताच कोगिनचे टाकेही विसरले जाऊ लागले. 1932 च्या सुमारास यानागी सोएत्सु या विचारवंताने त्यांकडे लोकांचे लक्ष वेधले. ज्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत अशा कष्टकरी माणसांच्या हातून खरे सौंदर्य निर्माण होते, असे त्यांचे सांगणे होते. 1936 मध्ये त्यांनी टोकियोत लोककलांचे संग्रहालय उघडले. हिरोसाकी गावी कोगिनचे काम पुन्हा सुरू झाले आणि आज देशोदेशींचे लोक ते हौसेने शिकतात.

गोधडीवरही तशीच वेळ आली आहे. कल्याण-डोंबिवलीतील उंच इमारतींत गोधडी अंथरण्यास अंगण नाही आणि बाजारात तयार पांघरुणांना तोटा नाही. जुनी लुगडी देऊन गोधडी शिवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात अद्याप टिकून आहे, हे खरे. पण आपल्या हाताने धावदोरा घालणारी मुले-मुली थोडीच आढळतात. ज्या आजीला गोधडी शिवता येते, तिला ती विद्या कोणी मागितली नाही, तर ती तिच्याबरोबरच संपून जाईल. तिने ती कोठेही लिहून ठेवलेली नाही. ती आहे फक्त तिच्या बोटांत.

म्हणून ज्याला शिकायचे असेल त्याने दूर जाण्याची गरज नाही. जुन्या सुती कापडाचे वीतभर दोन तुकडे घ्यावेत, एकावर एक ठेवावेत आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून धावदोऱ्याची एक सरळ ओळ घालावी. पहिली ओळ वाकडी येईल, दुसरीही येईल. ती उसवावी आणि पुन्हा घालावी. दहाव्या ओळीला हात स्थिर होऊ लागतो. त्या वेळी त्सुगारूच्या बर्फात दिव्यापाशी बसलेली शेतकरीण आणि आपल्याच घरातील, लुगड्याचे काठ जुळवणारी पणजी, या दोघींनी काय केले होते, ते पुस्तकाशिवायच समजते.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धावदोरा कशाला म्हणतात?
(आ) 'केसा' हा जपानी शब्द कोणत्या संस्कृत शब्दावरून आला?
(इ) एदो शहरातील आग विझवणारे लोक आपले अंगरखे पाण्यात का भिजवत?

2. कारणे लिहा.
(अ) त्सुगारूच्या स्त्रियांनी वाखाच्या कापडावर सुती दोऱ्याने टाके घातले.
(आ) बाळाच्या कपड्यांवर आसानोहा ही आकृती काढत.
(इ) आगगाडी आल्यावर कोगिनचे टाके विसरले जाऊ लागले.

3. गोधडी आणि साशिको यांतील दोन साम्ये व दोन भेद सांगा.

4. 'ती आहे फक्त तिच्या बोटांत' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

5. आपल्या घरातील एखादी गोधडी किंवा जुने वस्त्र कोणी व कसे तयार केले, याची माहिती घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.