पापाचे ऋण आणि ते फेडणारा

कीर्तनात उभे राहिले की आपण अगदी सहज म्हणतो, देवा, मी पतित आणि तू पतितपावन. ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेतही जवळजवळ हेच शब्द कानी पडतात. माणूस पापी आहे, देव तारणारा आहे. हे ऐकून आपल्यातले काही जण म्हणतात, "दोन्ही एकच, भेद कशाला करता?" दुसरे म्हणतात, "छे, त्यांचे सगळेच निराळे. ते माणसाला जन्मापासून पापी ठरवतात, आपण आत्म्याला शुद्ध म्हणतो." आम्हाला दोन्ही मते घाईची वाटतात. म्हणून ख्रिस्ती सिद्धांत या विषयात खरोखर काय सांगतो, आणि माळकऱ्याने त्यातून कशाचा विचार करावा, एवढेच या पाठात पाहू.

एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, हा इतिहास आहे. तो विसरावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठीत, आपल्या ओवी छंदात, ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर स्वतःच सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. राजसत्तेचा जुलूम वेगळा आणि श्रद्धेचा सिद्धांत वेगळा. सिद्धांत समजून घ्यायला भिण्याचे कारण नाही.

आता पाप म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात पाप म्हणजे बहुधा एखादे कर्म असते. चोरी केली, पाप झाले. खोटे बोललो, पाप झाले. ख्रिस्ती शास्त्र हे नाकारत नाही, पण त्याच्या आणखी खाली जाते. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापाला ‘हमार्तिया’ असा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा होतो. बाण सुटला, पण जिथे लागायचा तिथे लागला नाही. माणूस देवासाठी घडवला गेला आणि तो स्वतःकडेच वळला, हे मूळ पाप. चोरी, लबाडी, हिंसा ही त्याची फळे.

जुन्या करारातील ‘उत्पत्ति’ या पहिल्या ग्रंथात आदाम आणि हव्वा यांची कथा आहे. मना केलेले फळ त्यांनी खाल्ले, एवढेच आपण ऐकलेले असते. पण त्यापुढचा भाग पाहा. फळ खाल्ल्यावर ती दोघे देवापासून लपतात आणि देव त्यांना शोधत येऊन विचारतो, तू कोठे आहेस? मग आदाम बायकोकडे बोट दाखवतो आणि बायको सर्पाकडे. लपणे आणि दुसऱ्यावर ढकलणे, ही पापाची पहिली दोन चिन्हे. आपल्या घरात, गावात, दिंडीतसुद्धा ती आपल्याला रोज दिसतात, नाही का?

याच मुद्द्यावर संत ऑगस्टीन यांचे उदाहरण फार उपयोगी आहे. ते ३५४ साली उत्तर आफ्रिकेत जन्मले आणि पुढे बिशप झाले. आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात ते सोळाव्या वर्षाची एक चोरी सांगतात. मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? करू नये म्हणूनच केली, हे त्यांचे उत्तर. एवढ्याशा फळांवर एवढे लिहिण्याचे कारण हेच, की पापाला दर वेळी गरजेची सबब लागत नाही.

सेंट पॉल यांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तक्रार आहे. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते. वाचकहो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो, की इच्छा नसताना, जणू कोणी बळजबरीने ओढून न्यावे तसा, माणूस पाप का करतो? माउलींनी त्या ठिकाणी काम आणि क्रोध यांचे जे वर्णन केले आहे ते आपल्या नित्यपाठातले आहे. प्रश्न एकच आहे, उत्तर मात्र वेगळ्या वाटेने जाते. भगवंत रजोगुणातून उपजलेल्या कामक्रोधांकडे बोट दाखवतात आणि इंद्रिये आवरून, बुद्धीच्या पलीकडच्या तत्त्वाला जाणून त्यांना जिंकायला सांगतात. पॉल म्हणतात, मला कोणी सोडवणारा पाहिजे, माझे बळ इथे पुरे पडत नाही.

ख्रिस्ती लोकांतही यावर मोठा वाद झाला. पेलाजियस नावाच्या साधकाचे म्हणणे असे, की माणूस आपल्या इच्छाबळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला आणि ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसचे मत नाकारले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी आदामाचा अपराध प्रत्येकाच्या माथी वारशाने येतो असे मानत नाहीत. वारशाने येते ते मरण आणि दुबळेपण, असे ते म्हणतात. त्यांच्या दृष्टीने पाप हा मुख्यतः रोग आहे आणि ख्रिस्त वैद्य आहे. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे एका वाक्यात सांगताना जपून बोलावे.

इथे एक पूर्वपक्ष उभा राहतो. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत ठणकावून सांगितले, की माणसाला पापी म्हणणे हेच पाप आहे. ते खरे ना? खरेच आहे. पण मग तुकोबाराय स्वतःला पतित का म्हणवून घेतात? आम्हाला याचा उलगडा असा वाटतो. ‘मी पापी’ हे वाक्य प्रथम पुरुषी आहे. दिव्याजवळ गेलेल्यालाच आपल्या अंगरख्यावरचे डाग दिसतात आणि तोच ते बोलू शकतो. हेच वाक्य ‘तू पापी’ असे झाले की ते भक्तीचे राहत नाही, तो दुसऱ्याला खाली ढकलण्याचा उद्योग होतो. ख्रिस्ती शास्त्रही ‘उत्पत्ति’च्या पहिल्याच अध्यायात सांगते, की माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला गेला आणि देवाला आपली सृष्टी फार चांगली दिसली. म्हणजे त्यांच्या मतानेही मूळ सोने आहे, मळ मागाहून आला.

आता तारणाकडे वळू. हा शब्द मराठीत मोठा मौजेचा आहे. तारण म्हणजे उद्धार, आणि सावकाराकडे गहाण ठेवतो तेही तारणच. नव्या करारात उद्धारासाठी जो शब्द वापरला आहे, त्याचाही मूळ अर्थ पैसे भरून गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवणे असाच आहे. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिच्यात पापांना सरळ ऋणे म्हटले आहे. आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात अशी कल्पना येते, की आपल्याविरुद्ध असलेला ऋणाचा कागद देवाने रद्द केला आणि तो क्रूसावर खिळून टाकला.

हे वाचताना कोणाही वारकऱ्याला इंद्रायणी आठवेल. तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते, की वैराग्य आल्यावर त्यांनी कुळांच्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. कुळे सुटली. पण पैसा गेला कोणाचा? तुकोबांचा. क्षमा कधी फुकट नसते. घेणाऱ्याला ती फुकट मिळते, देणाऱ्याला तिची किंमत पडते. क्रूसाबद्दल ख्रिस्ती मनुष्य जे म्हणतो ते नेमके हेच. देवाने पाप नुसते ‘असू दे’ म्हणून सोडले नाही, त्याची किंमत ख्रिस्ताच्या रूपाने स्वतः सोसली.

यावर आपले शास्त्री विचारतील, "ज्याचे कर्म त्याने भोगावे, हा नियम मग कुठे राहिला? एकाचे देणे दुसरा कसे फेडील?" शंका रास्त आहे. पण मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपणच ना गातो? दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना उघडून दिली. बादशहाचा हुकूम सुटला, आणि पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, धान्याचे पैसे भरले आणि पावती घेतली. देव भक्ताचे देणे फेडतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. देव त्यासाठी समाजाने खालचे मानलेले रूप घेतो, हीसुद्धा नाही.

पण इथेच भेदही स्वच्छ दिसतो. दामाजीपंतांवर देणे चढले ते दयेपोटी. ख्रिस्ती सिद्धांतात देव ज्याचे देणे फेडतो तो दयाळू पंत नसतो, तो खरोखरीचा अपराधी असतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पॉल यावरच भर देतात, की आपण पापी होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण पाहिजे तर ते भागवतातील अजामिळाचे आहे. दुसरा भेद असा, की त्यांच्या मते हे घडले ते इतिहासात एकदा आणि सर्वांसाठी. आपला विठोबा मात्र विटेवर उभाच आहे आणि भक्तामागून भक्ताच्या घरी धावतो. तिसरा भेद पुनर्जन्माचा. ते एकच जन्म मानतात, म्हणून निर्णयाची निकड त्यांना अधिक वाटते. हे भेद पुसून टाकण्यात कोणाचेच हित नाही.

आता खरी अडचण. देणे फेडणारा भेटला की ऋणको निर्ढावतो. युरोपात एक काळ असा आला, की पापाच्या दंडात सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती समाज दुभंगला. उद्धार मुळात देवाच्या कृपेने होतो, माणसाच्या पुण्याईच्या जोरावर नाही, एवढे मान्य करणाऱ्या निवेदनावर कॅथॉलिक आणि ल्यूथरन मंडळींनी सह्या केल्या त्या १९९९ साली. विसाव्या शतकात जर्मनीतील पाद्री डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ च्या ग्रंथात ‘स्वस्त कृपे’वर कोरडे ओढले. क्षमा हवी पण वळण नको, अशा भक्तीला त्यांनी हे नाव दिले. हिटलरच्या राजवटीने त्यांना १९४५ साली फाशी दिले. कृपा महाग असते हे त्यांनी नुसते लिहिले नाही.

आपल्याकडे हा रोग नाही काय? नामाने पाप जळते, यात संशय नाही. पण नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांपैकी एक आहे, हे किती जण ध्यानात ठेवतात? वर्षभर मापात मारायचे आणि आषाढीला चंद्रभागेत बुडी मारायची, हा हिशेब पांडुरंगाला समजत नाही असे वाटते की काय? पॉल यांनीही सहाव्या अध्यायात हीच शंका स्वतःच काढून उडवून लावली आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय? कदापि नाही.

मग कृपा मिळाली याची खूण कोणती? येशूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टांत दिला आहे. एका चाकरावर राजाचे १०,००० तालांतांचे कर्ज होते. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली! कोणत्या जन्मी फिटणार ते? चाकर पाया पडला आणि राजाने सगळे सोडले. तो बाहेर पडला तर १०० दिनारांचा एक ऋणको भेटला. याने त्याची मानगूट धरली आणि त्याला तुरुंगात टाकले. राजाला हे कळले तेव्हा त्याने आपली माफी परत घेतली.

वाचकहो, या दृष्टांतापुढे ख्रिस्ती आणि वारकरी असा भेद उरत नाही. भावाशी बांधाच्या हातभर जमिनीवरून वीस वर्षे अबोला धरायचा आणि मंदिरात जाऊन ‘देवा, माझे अपराध पोटात घाल’ म्हणायचे, ही त्या चाकराचीच तऱ्हा. देवाने आपला कागद फाडला असे जो खरोखर मानतो, त्याला दुसऱ्याचा कागद जपून ठेवता येत नाही. तुकोबांनी तो इंद्रायणीत टाकला.

आपली माळ आपल्या गळ्यात राहू द्यावी, दुसऱ्याच्या क्रूसाची टवाळी करू नये. आणि येत्या एकादशीला उपवास धरताना एवढे करावे. कोणाचे जुने खत मनाच्या पेटीत जपून ठेवले आहे ते पाहावे, आणि त्याच्या दारी जाऊन प्रथम आपणच रामकृष्णहरि म्हणावे. मग पंढरीनाथापुढे ‘मी पतित’ म्हणायला तोंड राहील.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥