वॉन्टेजहून केडगावला

देवळाच्या सभामंडपात पोथी उघडून पुराण सांगणारे आणि चातुर्मास संपताच पुढच्या गावाची वाट धरणारे पुराणिक आपल्या कारापूरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिले असतील. अशाच एका फिरत्या पुराणिकाच्या घरी 1858 साली एक कन्या जन्मली. अनंतशास्त्री डोंगरे हे तिचे वडील. आईने तिला अरण्यातल्या आणि वाटेवरच्या मुक्कामांतच संस्कृत शिकविले. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून एकामागून एक गेली. ही कन्या म्हणजे पंडिता रमाबाई. परदेशातून येऊन आपल्याकडील अनाथ मुलांची सेवा करणाऱ्या पाहुण्यांविषयी लिहावयाचे, तर आरंभ रमाबाईंपासूनच केला पाहिजे. कारण त्या स्वतः आधी परदेशात पाहुण्या होत्या.

पतिनिधनानंतर 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. वैद्यकाचे शिक्षण घ्यावे हा हेतू होता, पण वाढत्या बहिरेपणामुळे तो सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला म्हणजे सारेच बदलले, अशी मठातील भगिनी जेराल्डिन यांची समजूत असावी. रमाबाईंची तशी नव्हती. मांस, मासे, अंडी यांना त्या शिवल्या नाहीत. भगिनींना हा जुन्या जातीचा अभिमान वाटला. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. ज्यांच्या घरी अन्न खावयाचे त्यांना असे प्रश्न विचारणे सोपे नसते. मला तर रमाबाईंच्या विद्वत्तेपेक्षा हे धैर्य अधिक मोठे वाटते. इंग्रजी त्या शिकल्या, थंडी सोसली, शिक्षकांविषयी कृतज्ञ राहिल्या. पण जे आपले मानले ते त्यांनी सोडले नाही.

इंग्लंडनंतर सुमारे तीन वर्षे अमेरिकेत काढून त्या परतल्या आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले. तेथे धर्मांतराच्या शंकेवरून 1893 साली मोठा वाद होऊन अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या व पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावी मुक्तिसदन उभे केले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रमाची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. एवढ्यांचे संगोपन करावयास हात कोठून आणावयाचे? काही हात समुद्रापलीकडून आले. त्यांतील प्रमुख मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई. ती 1887 साली मुंबईस आली होती. 1898 मध्ये ती केडगावी दाखल झाली आणि पुढची सुमारे दहा वर्षे तिने मुख्यतः तेथेच घालविली.

या पाहुण्यांपुढे काय वाढून ठेवले असेल, ते कारापूरच्या मुलांनी आपल्यावरून ताडून पाहावे. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. केडगावच्या बाजूस त्याचा पाचवा हिस्साही नाही. उघडे माळरान, ज्वारी-बाजरीचा मुलूख. आपल्यापैकी एखादा तेथे गेला, तर दुसऱ्याच दिवशी त्याला हुमणाची आठवण येईल! मग हजारो मैलांवरून आलेल्याची काय कथा? त्यात भाषा. वस्तूवस्तूला लिंग, माणसामाणसाला निराळे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’. आणि ‘ळ’ तर इंग्रजी जिभेला वळतच नाही. पण एक गोष्ट विसरू नये. गुजरातेतून व मध्य प्रांताच्या हिंदी भागातून आलेल्या मुलींनाही मराठी परकीच होती. शिकविणारी आणि शिकणारी, दोघीही त्या भाषेत नवख्या.

दयेने हात सैल सोडावा, तर तेही तेथे चालण्यासारखे नव्हते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर जेवण दिले, तर शरीरातील क्षारांचा तोल बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. अशा मुलाला थोडथोडे, वेळेवर आणि धीराने भरवावे लागते. हात पुढे करून रडणाऱ्या मुलीला ‘आता पुरे’ म्हणावयाचे, तेही तिला कळेल अशा शब्दांत. भाषा लागते ती येथे.

आणि राहावे लागते. आज अनेक देशांतील तरुण सुट्टीचे चार आठवडे अनाथाश्रमात घालवितात. हेतू चांगला असतो. परंतु मुलाला लळा लागतो न लागतो तोच पाहुणा निघून जातो, आणि आधीच एकदा आपली माणसे गमावलेले मूल पुन्हा एकटे पडते. काही ठिकाणी तर पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेल्या मुलांनाही आश्रमांत ठेवल्याचे उघडकीस आले आहे. म्हणून 2019 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने अशा प्रकारांविरुद्ध सदस्य राष्ट्रांना इशारा दिला.

केडगावात मुली माग चालवीत, तेलघाणा पाहत, छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. 1922 साली रमाबाई वारल्या. मनोरमा त्यांच्या आधी एक वर्ष गेली होती. वॉन्टेजला आईचे बोट धरून उतरलेली हीच ती मुलगी. परदेशात ती ब्रेल लिपी शिकून आली होती, आणि केडगावच्या अंध मुली त्या उठावाच्या ठिपक्यांवर बोटे फिरवून वाचावयास शिकल्या, त्या तिच्यामुळे. आश्रम आजही केडगावी चालू आहे.