ठाण्याची पायरी आणि गावाची शांतता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तीत पोलीस ठाण्याचे नाव नसले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते असतेच. तालुक्याच्या गावी तहसील कचेरी, सरकारी रुग्णालय आणि पोलीस ठाणे ही तीन कार्यालये बहुधा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. पहिल्या दोन ठिकाणी माणूस आपल्या कामासाठी जातो. तिसऱ्या ठिकाणी मात्र संकट कोसळल्याशिवाय तो पाऊल टाकीत नाही. आणि टाकले, तरी चारचौघांची नजर चुकवून. सायंकाळी कचेरीला कुलूप लागते, बाजारपेठ मिटते. ठाण्याचा दिवा मात्र रात्रभर जळत असतो.

महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. या ब्रीदातील शब्दांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सज्जनांचे रक्षण प्रथम आणि दुर्जनांचा निग्रह त्यानंतर. लहान गावातील पोलीस ठाण्याच्या कामाचा विचार याच क्रमाने केल्यास त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

ठाण्याची घडण

पोलीस ठाण्याचा प्रमुख पोलीस निरीक्षक, तर लहान ठाण्यांत सहायक पोलीस निरीक्षक असतो. त्याच्या हाताखाली उपनिरीक्षक, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेला ‘फौजदार’, तसेच हवालदार आणि शिपाई काम करतात. ठाण्याच्या हद्दीतील लांबच्या गावांसाठी दूरक्षेत्रे असतात आणि सर्व हद्द बीटांमध्ये वाटलेली असते. आपल्या बीटातील वस्त्या, बाजार, जत्रा, जुने वैर आणि नवे पाहुणे यांची माहिती बीट अंमलदाराला असावी, अशी अपेक्षा असते. ठाण्यात प्रवेश करणाऱ्याची पहिली गाठ ठाणे अंमलदाराशी पडते. त्याच्यासमोरील स्टेशन डायरीत दिवसभराच्या घडामोडी वेळेसह नोंदल्या जातात.

या यंत्रणेचा गावातील दुवा म्हणजे पोलीस पाटील. पूर्वी पाटीलकी वतनाने चालत असे. आता महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटलाची नेमणूक होते आणि या पदावर महिलाही काम करीत आहेत. गावात गुन्हा घडला, संशयास्पद मृत्यू झाला किंवा शांतता बिघडण्याची चिन्हे दिसली, तर त्याची वर्दी ठाण्याला देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे. ठाण्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या वाडीत शासनाचे कान आणि डोळे तेच असतात.

खबर, नोंद आणि पंचनामा

ठाण्याबद्दलचा लोकांचा रोष पुष्कळदा एका अज्ञानातून निर्माण होतो. कायद्याने गुन्ह्यांचे दखलपात्र आणि अदखलपात्र असे दोन भाग केले आहेत. चोरी, दरोडा, खून, बलात्कार यांसारख्या दखलपात्र गुन्ह्यांत पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात. शिवीगाळ किंवा किरकोळ मारहाण यांसारख्या अदखलपात्र बाबतीत मात्र नोंद घेऊन तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगणे एवढेच त्यांच्या हाती असते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. हा भेद कोणी समजावून न सांगितल्यामुळे ‘पोलिसांनी काहीच केले नाही’ असे म्हणत माणूस घरी परततो. अशा वेळी ठाणे अंमलदाराने पाच मिनिटे खर्च करून दिलेला खुलासा तक्रारदाराचा मोठा गैरसमज टाळू शकतो.

पंचनाम्याचे महत्त्व तर गुन्ह्याच्या तपासापुरते मर्यादित नाही. शेतात पाणी देताना सर्पदंश होतो, कोणी विहिरीत पाय घसरून पडतो, पावसाच्या तोंडावर कोणावर वीज कोसळते. येथे गुन्हेगार कोणीच नसतो. तथापि ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा करण्यात येतो आणि आवश्यकतेप्रमाणे शवविच्छेदनही होते. अपघाती मृत्यूनंतर शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाकडून जे साहाय्य मिळते, त्याच्या प्रस्तावासोबत अशी कागदपत्रे जोडावी लागतात. घटनास्थळ, वेळ अथवा मृत्यूचे कारण लिहिताना झालेल्या एका चुकीमुळे कर्त्या पुरुषाला मुकलेल्या विधवेला पुढे कित्येक महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू शकतात. म्हणूनच हवालदाराच्या लेखणीची जबाबदारी त्याच्या हातातील काठीपेक्षा लहान नाही.

गुन्ह्यापलीकडील कामे

ठाण्याचा बराचसा वेळ अशा कामांत जातो, ज्यांचा वृत्तपत्रांतून उल्लेख होत नाही. पारपत्रासाठी आणि नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी, हरवलेल्या व्यक्तींची नोंद व शोध, गहाळ झालेल्या कागदपत्रांची नोंद, ध्वनिक्षेपकाचे परवाने, आठवड्याच्या बाजारातील गर्दीवर लक्ष, यात्रेतील बंदोबस्त, परीक्षा केंद्रावरील पहारा ही यादी लांबविता येईल. पुराच्या वेळी पुलावर दोर बांधून उभा राहणारा बहुधा पोलीसच असतो. गणेशोत्सवापूर्वी गावोगावी बैठका घेऊन ‘एक गाव, एक गणपती’ या उपक्रमाचा आग्रह धरण्यातही पोलीस ठाण्यांनी पुढाकार घेतला आहे. मंडपांची संख्या कमी झाली, की वर्गणीचा भार हलका होतो आणि मिरवणुकीतील चढाओढीचे कारणच उरत नाही.

तातडीच्या मदतीसाठी आता ११२ हा क्रमांक आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. भ्रमणध्वनीवरून गोड बोलून निवृत्तिवेतनाची रक्कम लांबविणारे नवे चोर तालुक्याच्या गावांतही पोहोचले आहेत. अशी फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहते. त्यामुळे लाजेपोटी गमावलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

भिवंडीचा धडा

ही सर्व कामे करताना ठाण्याचा जो परिचय लोकांशी होतो, तोच कठीण प्रसंगी उपयोगी पडतो. याचे बोलके उदाहरण ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या गावाने घालून दिले आहे.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत भीषण जातीय दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. माणसे मेली, माग जळाले आणि पोट भरण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार देशोधडीला लागले. दर सणापूर्वी शांतता समितीच्या बैठका होत नव्हत्या असे नाही. परंतु त्यांत बसणारी मंडळी प्रतिष्ठित असत. दंगल ज्या गल्लीत सुरू होते, त्या गल्लीतील माणूस तेथे क्वचितच असे.

१९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी नेमकी हीच उणीव हेरली. त्यांनी मोहल्लावार समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितीत त्याच वस्तीतील हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही समाजांचे सर्वसाधारण रहिवासी घेण्यात आले आणि त्या भागातील पोलीस कर्मचाऱ्यांवर समितीशी संपर्क ठेवण्याची जबाबदारी सोपविण्यात आली. बैठका सणासुदीपुरत्या न राहता नियमित होऊ लागल्या. त्यांत धर्माची चर्चा होण्यापेक्षा नळावरील भांडणे, शेजाऱ्यांमधील कुरबुरी अशा रोजच्या तक्रारी पुढे येत आणि तेथल्या तेथे मिटत. बंदोबस्तापुरता दिसणारा शिपाई वस्तीला नावाने ओळखू लागला आणि वस्ती त्याला.

या घडणीची कसोटी लवकरच लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आल्यानंतर त्या डिसेंबरात आणि पुढील जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईच्या शेजारची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. अफवा तेथेही आल्या असतीलच. फरक एवढाच, की अफवेची शहानिशा करण्यासाठी कोणाकडे जावे, हे आता लोकांना ठाऊक होते. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

या कथेची दुसरी बाजूही दृष्टिआड करून चालणार नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच एका पोलीस ठाण्याच्या नियोजित इमारतीच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि त्यानंतर जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपायांना प्राण गमवावे लागले. जे ठाणे लोकांच्या रक्षणासाठी बांधावयाचे, त्याच्याच पायाशी चार जीव गेले. विश्वास हा विहिरीच्या पाण्यासारखा असतो. उपसा चालू राहिला तरच झरे मोकळे राहतात. माणसे बदलतात, अधिकारी बदलतात, नवी पिढी येते. म्हणून विश्वासाचे काम प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते.

ग्रामीण भागात तंटे वेळीच मिटविण्याच्या हेतूने राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हाती घेतली. बांधावरून, वाटणीवरून किंवा पाण्यावरून होणारे वाद गावच्या समितीने सामोपचाराने मिटवावेत, हा तिचा उद्देश. मात्र समेटालाही मर्यादा आहे. स्त्रियांवरील अत्याचार किंवा दुर्बलांवरील जुलूम ‘गावची अब्रू’ म्हणून झाकून टाकणे म्हणजे तंटामुक्ती नव्हे.

नागरिकांचे हक्क, नागरिकांचे कर्तव्य

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली आहे. तिच्यातील काही तरतुदी प्रत्येकाला माहीत असावयास हव्यात. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. खबर विद्युत माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. नोंदविलेल्या खबरीची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठविता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस अथवा पीडितास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. महिला, १५ वर्षांखालील मुले आणि साठीपुढील पुरुष यांना साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते.

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. पंच म्हणून सही करण्याची वेळ आली, की भलेभले लोक मागच्या दाराने निघून जातात. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीची साक्ष देण्यास कोणी पुढे येत नाही आणि नंतर आरोपी सुटला, की सर्व दोष पोलिसांच्या माथी मारला जातो. खोटी फिर्याद देणारा तर आपल्या शेजाऱ्याबरोबरच एखाद्या खऱ्या पीडिताचेही नुकसान करतो. कारण ठाण्यातील तेवढे मनुष्यबळ आणि तेवढा वेळ व्यर्थ खर्ची पडतो.

मूठभर कर्मचारी आणि अनेक गावांची हद्द, हे बहुतेक ठाण्यांचे वास्तव आहे. एवढ्या मनुष्यबळावर प्रत्येक दारी पहारा बसविणे शक्य नाही. शांतता टिकते ती दारादारांतील माणसांनी ठाण्याला आपले मानल्यामुळे, आणि ठाण्याने आलेल्या माणसाला आधी बसावयास खुर्ची दिल्यामुळे. संकटाची वाट न पाहता, साध्या कामासाठीही माणूस ज्या दिवशी निःशंक मनाने ठाण्याची पायरी चढेल, त्या दिवशी ब्रीदातील पहिला शब्द सार्थ झाला, असे म्हणता येईल.